ईराच्या नावावरचे दोन गोल

“हे कुणी केलंय?”

ईराच्या आईच्या हातात स्केट होता. उलटा धरलेला, पातं वर. पात्यावरचं बर्फाचं पाणी त्यांच्या बाहीत शिरत होतं, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ड्रेसिंग रूममध्ये आम्ही अकरा मुली, सर, आणि समोरच्या बाकावर ईरा, उजवं मनगट डाव्या हातात धरून रडत बसलेली. पाच मिनिटांपूर्वी ती बर्फावर उतरली, पहिलं वळण घेतलं आणि पाय तिच्या अंगाखालून निघून गेले. थेट मनगटावर पडली.

“मी,” मी म्हणाले.

“काय केलंस नेमकं? सगळ्यांना सांग.”

“धार लावून आणली.”

“कुठून?”

“हिंदमाताच्या इथून. आईच्या कात्र्यांना लावतात तिथून.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. ईरा रडता रडता हसली. तिची आई हसली नाही. त्या सरांकडे वळल्या आणि अगदी शांत, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “बघा सर. यांना वस्तू द्यायची म्हणजे हे असं होतं.” मग माझ्याकडे पाहून: “तू आता कशालाच हात लावू नकोस. जा, बाहेर बस.”

मी पंधरा वर्षांची होते. बाहेर जाऊन बसले.

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे कुणाला शोधत बसायला नको.

मी आईस हॉकी खेळते. मी लालबागला राहते. ही दोन वाक्यं एका दमात सांगितली की समोरचा माणूस हसतो, म्हणून मी मध्ये जरा थांबते. मुंबईत कसला आलाय बर्फ? बर्फ म्हणजे गोळेवाल्याकडचा, नाहीतर कोळणीच्या पाटीतला. आम्ही खेळायचो ते चाकांवर. शाळेच्या पटांगणात सरांनी सुट्टीत स्केटिंगचं शिबिर घेतलं, जुने स्केट्स पायात चढवले, हातात काठी दिली. मी पहिल्याच आठवड्यात पडायची थांबले आणि दुसऱ्या आठवड्यात इतरांना मागे टाकायला लागले. सर म्हणाले, “तू फॉरवर्ड आहेस. पुढे राहायचं, गोल मारायचा. बाकी डोकं चालवायचं नाही.” मला ते फार आवडलं. घरी, शाळेत, सगळीकडे मला मागेच राहायला सांगायचे.

सरांचा एक क्लब होता. त्या क्लबच्या मुली परळच्या एका मॉलमध्ये, वरच्या मजल्यावरच्या छोट्याशा रिंकवर खऱ्या बर्फावर सराव करायच्या. मॉल गिरणीच्या जागेवर उभा आहे. अशा ठिकाणी माझे आजोबा त्याच गिरणीत होते असं लिहायची पद्धत आहे. माझे आजोबा दुसऱ्या गिरणीत होते. सकाळी मॉल उघडायच्या आत दीड तास रिंक आमचा असायचा. बाकी मुली दादरच्या, शिवाजी पार्कच्या, प्रभादेवीच्या टॉवरमधल्या. शिकलेल्या घरातल्या. गाडीतून यायच्या. मी चालत यायचे, पाठीवर काठी बांधून.

ईराची आई टीमची मॅनेजर होती. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मला मावशी म्हण हं. इथे सगळ्या मावशीच म्हणतात. तुझं नाव काय?” मी नाव सांगितलं. “पूर्ण नाव सांग ना.” मी आडनावासकट सांगितलं. खांद्यावरचा हात उठला. घाईने नाही, झटकून नाही. नुसता उठला. “अच्छा,” त्या म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं.

त्यानंतर त्या टीममध्ये माझं नाव कुणी घेतलं नाही. माझे बाबा लालबागला मसाल्याच्या दुकानात कामाला आहेत. घरभर मिरचीचा वास, कपड्यांना, केसांना, हॉकीच्या ग्लोव्ह्जनासुद्धा. पहिल्या आठवड्यात एक मुलगी माझ्याशेजारी बसून तीनदा शिंकली आणि म्हणाली, “ए लालबाग, जरा तिकडे बस ना यार.” तेव्हापासून मी लालबाग. “लालबाग, पास दे.” “लालबाग, दार लाव.” सरसुद्धा तेच म्हणायला लागले. प्रेमाने म्हणतात, अशी मी माझी समजूत घातली. सगळ्यांच्या जर्सीवर पाठीमागे आडनावं छापलेली होती. माझ्या जर्सीची पाठ कोरी होती. जास्तीची होती म्हणे, छापायची राहिली.

तर ते स्केट्स. बर्फावरचे स्केट्स माझ्याकडे नव्हतेच. ईराकडे दोन जोड होते. मावशींनी दुसरा जोड मला वापरायला दिला, सगळ्यांसमोर, फोटो काढून. महिन्याभराने ईराच्या चांगल्या जोडाची शिवण उसवली आणि तिला हा जोड परत हवा झाला. “उद्या आण,” मावशी म्हणाल्या.

आमच्या चाळीत एक रीत आहे. शेजारून वाटीतून काही आलं तर वाटी मोकळी परत जात नाही. साखर आली तर चार दिवसांनी वाटीतून शेंगदाणे जातील, काहीच नसलं तर कढीपत्त्याच्या दोन काड्या जातील, पण मोकळी वाटी द्यायची नाही. आईला सांगितलं, स्केट्स परत द्यायचेत. ती शिवणकाम करते, हिंदमाताच्या कापडबाजारातल्या एका साडीच्या दुकानाचे ब्लाऊज आणि फॉल-पिको तिच्याकडे येतात. मशीन थांबवून ती म्हणाली, “मोकळे देवचे नाय हां. महिनाभर वापरलंस. धार लावून दे, नि मी वड्या करतंय.”

धार लावणं मला फारच पटलं. पाती बोथट झाली आहेत असं मुली म्हणतच होत्या. संध्याकाळी आई मला तिच्या धारवाल्याकडे घेऊन गेली. हिंदमाताच्या सगळ्या शिंप्यांच्या कात्र्या त्याच्याकडे. त्याने पातं उजेडात धरून पाहिलं, अंगठा फिरवला. “ये तो बीच में से घिस गया है, बेटा,” म्हणाला. “पूरा सीधा कर देता हूँ.” मन लावून केलं त्याने. चाकावर अर्धा तास घासलं. पातं आरशासारखं चकचकीत, सपाट. पैसे घ्यायलासुद्धा तयार नव्हता, खेळणाऱ्या मुलीचे आहेत म्हणून.

बर्फावरच्या स्केटच्या पात्याला मधोमध लांबच लांब खाच असते. खाचेच्या दोन बाजूंना दोन कडा. त्या कडा बर्फ पकडतात, म्हणून माणूस वळू शकतो, थांबू शकतो. त्या भल्या माणसाला ती खाच झीज वाटली. मलाही वाटली. महिनाभर मी त्या पात्यांवर उभी राहिले, पण कुणी मला ती खाच दाखवली नव्हती आणि मी विचारलं नव्हतं. विचारलं की हसतात, हे एव्हाना मला कळलं होतं.

ईरा पडली ती त्यामुळे. तिचं मनगट मुरगळलं, तीन आठवडे पट्टा होता. त्याबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं, आजही वाटतं.

पण मी बाहेर बाकावर बसले होते, तिथला प्रसंग राहिला. स्केट्सच्या पिशवीत वड्यांचा डबा होता. मावशी डबा घेऊन बाहेर आल्या. “हे काय आहे?”

“खोबऱ्याच्या वड्या. तुमच्यासाठी.”

त्यांनी झाकण उघडलं, बघितलं, बंद केलं. मॉलमध्ये झाडलोट करणारी एक बाई पलीकडे फरशी पुसत होती. मावशींनी तिला हाक मारली. “घे गं, घेऊन जा. मुलांना होतील.” आणि आत गेल्या.

ती बाई माझ्याशेजारी येऊन टेकली. डबा उघडून एक वडी खाल्ली, एक माझ्यापुढे धरली. “मस्त झाल्यात. कुणी केल्या गं?”

“विकतच्या आहेत,” मी म्हणाले.

आयुष्यात मी बऱ्याच थापा मारल्या आहेत. ही एकच अशी आहे की आठवली तरी कानशिलं तापतात. आईने सकाळी उठून नारळ खवला होता, आणि मी त्या वड्यांना ओळख दिली नाही. घरी गेल्यावर आईने विचारलं, “वड्या आवडल्यो काय त्यांका?” मी म्हटलं, हो, डबासुद्धा ठेवून घेतला.

मग माफी. माफी तोंडी चालणार नव्हती. लेखी हवी, इंग्रजीत हवी, आणि सगळ्या टीमसमोर वाचून दाखवायला हवी. मी दोन दिवस खपून लिहिली. माझ्या निष्काळजीपणाबद्दल, माझ्या अज्ञानाबद्दल. बर्फावर अर्धवर्तुळ करून सगळ्या उभ्या राहिल्या आणि मी मधोमध. वाचताना मावशींनी दोन ठिकाणी माझे उच्चार सुधारले. सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. वाचून झाल्यावर टाळ्या वाजल्या. का वाजवल्या ते त्यांनाही माहीत नसेल.

इथे संपायला हवं होतं. शाळेत बाकावर उभं करतात, तास संपला की बसवतात. मला कुणी बसवलंच नाही. मावशींनी नियम केला: मी कुणाच्या सामानाला हात लावायचा नाही, आणि सामान आत असतं म्हणून मी आत यायचं नाही. माझी पिशवी बाहेर. मी कपडे बदलायचे ते बाथरूममध्ये, लेस बांधायच्या त्या बाहेरच्या बाकावर. खराब झालेले स्केट्स मात्र मला देऊन टाकले. “ईरा आता ते घालणार नाही,” मावशी म्हणाल्या. सरांनी ओळखीच्या माणसाच्या मशीनवर खाच पुन्हा काढून आणली. पाती अर्धी झिजली होती, तरी चालली.

एक वर्ष मी त्या बाकावर काढलं.

ज्याने खेळ खेळलाय त्याला कळेल, टीम बर्फावर तयार होत नाही. ती ड्रेसिंग रूममध्ये तयार होते. कोण कुणाबरोबर खेळणार, गोलकीपर कुठे चुकते, कुणाचं घरी काय चाललंय, सगळं तिथे ठरतं, तिथेच बोलतात. मला दारातून नुसते आवाज यायचे. हसण्याचा एक गडगडाट व्हायचा आणि मी लेस ओढत विचार करायचे, आता कशाला हसल्या असतील. बऱ्याचदा माझ्यावर हसत नव्हत्याच. त्यांना माझी आठवणही नसायची. ते जास्त लागायचं. थंडगार बाकावर बसून मी माझ्याशीच बोलायला शिकले. आज डावीकडून जा. आज ईराला चेंडू देऊ नकोस. आज पड, पण रडू नकोस. सरावाला आम्ही गोल चकतीने खेळायचो, तिला पक म्हणतात, पण मनातल्या मनात मी चेंडूच म्हणायचे, चाकांवरच्या सवयीने.

सर मला का ठेवून होते? पहिल्या फळीच्या मुलींना सरावाला कुणीतरी चपळ समोर लागायचं. मी समोर लागायचे. सामन्यात नाही. माझ्याशी हरून त्यांचा खेळ सुधारला, आणि माझा खेळ सुधारलाय हे कुणी बघितलं नाही.

सोळाव्या वर्षी टीम स्पर्धेसाठी लडाखला गेली. मीही गेले, यादीत सगळ्यात शेवटची. त्या स्पर्धेतल्या गोलांवरून ज्युनियर मुलींचं मोठं शिबिर निवडलं जाणार होतं. शिबिरात गेलं की पुढचं दार उघडतं. ईरा त्यासाठीच दोन वर्षं खेळत होती. मीही त्यासाठीच खेळत होते, फक्त हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला कोण होतं.

तिथे हवा विरळ. पहिल्या दिवशी जिना चढलं तरी छाती भरून यायची. दुसऱ्या दिवशी ईरा आडवी झाली. डोकं धरून ओकत होती, डॉक्टरांनी चार दिवस हलायचं नाही असं सांगितलं. पहिला सामना त्याच्या दुसऱ्याच सकाळी.

दुपारी मावशींनी मला बोलावलं. गेस्टहाऊसच्या हॉलमध्ये शेगडीजवळ त्या आणि सर बसले होते. मांडीवर ईराची जर्सी, घडी घातलेली. पाठीवरचं आडनाव वर होतं.

“उद्या तू खेळायचं,” मावशी म्हणाल्या.

मी मनातल्या मनात लेस बांधायलासुद्धा लागले.

“ही घालून. ईरा म्हणून. हेल्मेट असतं, जाळी असते, कुणाला कळणार नाही. तुमची उंची सारखीच आहे.”

मी जर्सीकडे बघत राहिले.

“अगं, टीमसाठी आहे हे. ईराचं वर्ष वाया जाईल. तुझं काय, तू लहान आहेस अजून.” मी ईरापेक्षा चार महिन्यांनी मोठी आहे. “आणि हे बघ, मुंबईला गेलो की तू आतच कपडे बदलत जा. ते सगळं आता संपलं.”

मी सरांकडे पाहिलं. ते शेगडीत बघत म्हणाले, “खेळायला भेटतंय ना तुला? मग खेळ. डोकं चालवू नको.”

मी हो म्हणाले. धाकाने नाही, मावशींच्या शेवटच्या वाक्यासाठी. आत ये, एवढं कुणीतरी म्हणावं याची मी वर्षभर वाट बघत होते. ते मिळतंय म्हटल्यावर मी नाव विकायला तयार झाले. हेही लिहून टाकते. कुणी माझी बाजू घेऊन वाचत असेल तर त्याने हेही वाचावं.

दुसऱ्या सकाळी आयुष्यात पहिल्यांदा मी उघड्या आभाळाखाली बर्फावर उतरले. मॉलचा रिंक बाथरूमएवढा होता असं वाटायला लागलं. चारी बाजूंना डोंगर, ऊन चेहऱ्यावर आणि थंडी दातांत. पाय टाकला आणि पातं बर्फात रुतलं, घट्ट. मी मोठ्याने हसले. हेल्मेटमध्ये कुणाला ऐकू जाणार.

समोरच्या मुली डोंगरातल्या होत्या, जन्मापासून बर्फावर. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी आम्हाला फिरू दिलं नाही. मग एक पक मधोमध सुटा झाला. मी पोहोचले. डावीकडून गेले, एक मुलगी अंगावर आली, तिच्या काठीखालून पक ओढला, गोलकीपर उजवीकडे झुकली आणि मी डावीकडे मारला. जाळीत. आवाजसुद्धा झाला नाही फारसा.

लाऊडस्पीकरवर नाव आलं. ईराचं नाव. आडनावासकट.

“ईरा! ईरा! ईरा!” आमच्या मुली काठ्या आपटत होत्या. त्यांना माहीत होतं. आत कोण आहे ते त्या दहाही जणींना माहीत होतं. त्या माझ्या पाठीवर थापा मारत होत्या आणि दुसरीचं नाव ओरडत होत्या. एवढ्या गर्दीत मी इतकी एकटी कधीच नव्हते. बाहेरच्या बाकावरसुद्धा नाही. बाकावर निदान मी मी होते.

दुसरा गोल शेवटच्या मिनिटाला. तोही ईराचा. आम्ही दोन-एक जिंकलो.

दुपारी आईचा फोन आला. मागे मशीनची घरघर. “काय गो, खेळलंस?”

“खेळले.”

“गोल मारलंस?”

“मी नाही. ईराने मारले. दोन.”

तिने मशीन थांबवलं. मग म्हणाली, “असूं दे. पुढच्या टायमाक तू मार.”

मी फोन ठेवला. मला आईचा राग आला. तिने विश्वास ठेवला म्हणून. मग लक्षात आलं की राग आईचा नाही.

चहाच्या वेळी ईराने मला खोलीत बोलावलं. उशांना टेकून बसली होती, चेहरा पांढरा. खरं सांगायचं तर ईरा वाईट मुलगी नाही. आईने दिलेलं सगळं ती घेते, एवढंच. म्हणाली, “थँक्स हं. खूप छान खेळलीस म्हणे.” मग वही उघडली, पेन घेतलं. “मला नीट सांग ना, गोल कसे झाले. निवड करणारे शेवटच्या दिवशी बोलायला येतील. त्यांनी विचारलं तर मला सांगता यायला पाहिजे. पहिला कुठून मारलास?”

“मधोमध पक सुटला,” मी म्हणाले.

तिने लिहिलं.

“मग डावीकडून गेले.”

“म्हणजे मी डावीकडून गेले,” ती पुटपुटली आणि लिहिलं. “तेव्हा काय वाटलं तुला? म्हणजे, मनात काय आलं? ते विचारतात.”

मी तिच्या पेनाच्या टोकाकडे बघितलं. जर्सी दिली होती मी, गोल दिले होते. पण जाळीत पक जाताना मला जे वाटलं होतं, तेसुद्धा हिच्या वहीत जाणार होतं. उद्या-परवा ही ते हसून सांगणार होती, कुणीतरी मान डोलावणार होतं. मग माझ्याकडे काय उरणार होतं? मी उठले.

“कुठे चाललीस? अगं, दुसरा राहिला ना.”

“दुसरा नाही सांगणार,” मी म्हणाले. “पहिला खोडून टाक.”

दुसऱ्या सकाळी पुढच्या सामन्याआधी बाहेर बाकड्यावर ईराची जर्सी माझ्यासाठी काढून ठेवली होती. मी माझी घातली. कोरी. मावशी मागून हाका मारत होत्या, आधी “अगं ए,” मग “लालबाग,” मग एकदा माझं खरं नाव. पहिल्यांदाच. त्यांना ते आठवत होतं तर.

मी थांबले नाही. बर्फाच्या कडेला गुण लिहिणाऱ्यांचं टेबल होतं. जाड कोट घातलेली एक लडाखी बाई कागदांवर दगड ठेवत होती, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. मी हेल्मेट काढून तिच्यासमोर उभी राहिले.

“कल के दो गोल ईरा के नहीं हैं,” मी म्हणाले. “ईरा खेली ही नहीं. मैं खेली थी. उसके नाम से.”

तिने वर बघितलं. मग नवा कागद ओढला. “पूरा नाम बोलो.”

मी बोलले.

“ज़ोर से. हवा है.”

मी आडनावासकट जोरात बोलले. मागे आमच्या सगळ्या मुली उभ्या होत्या. शेजारच्या टीमच्या मुलीही बघायला लागल्या. तिने सावकाश, एकेक अक्षर करून लिहिलं. सामन्याच्या कागदावर माझं नाव पहिल्यांदा चढलं ते त्या दिवशी. गोलांच्या रकान्यात नाही. तक्रारीच्या कागदावर, दोषी खेळाडू म्हणून.

जिंकलेला सामना गेला. टीम स्पर्धेतून बाहेर. सरांना लेखी ताकीद, ईरावर आणि माझ्यावर एकेका वर्षाची बंदी. गोल रद्द. मला यातलं काहीच चुकीचं वाटलं नाही. मी खोट्या नावाने खेळले होते.

मावशी हॉलमध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, “स्वतःचंही वाटोळं करून घेतलंस. मिळालं काय तुला?” त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. सर एवढंच म्हणाले, “सांगायची काय गरज होती? चाललं होतं ना सगळं.”

“तुमचं चाललं होतं,” मी म्हणाले. त्या टीममध्ये मी बोललेलं ते शेवटचं वाक्य.

परतीच्या प्रवासात माझ्याशेजारची जागा मुंबईपर्यंत मोकळी राहिली. एक मुलगी जाता जाता हळूच म्हणाली, “बरं केलंस,” आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून लगेच मागे वळून बघितलं. दोन दिवस मी खिडकीबाहेर बघत बसले. आपण शूर आहोत असं मला वाटत नव्हतं. भूक लागली होती आणि एकटीने डबा उघडायची लाज वाटत होती.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. अगदी सगळं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे दोन तू मारलंस?” बाकीचं तिने बाजूला ठेवलं. संध्याकाळपर्यंत आमच्या मजल्यावर सगळ्यांना कळलं की पोरीने लडाखात दोन गोल मारले. लोक पाठ थोपटून गेले. मी हसले, पण मला ते पुरलं नाही. मजल्यावर ते गोल माझे आहेत. कागदावर ते कुणाचेच नाहीत. मला ते कागदावर हवेत.

बंदीचं वर्ष आता संपत आलंय. सरांच्या क्लबने मला काढलं. दुसऱ्या दोन क्लबांना फोन केले. नाव सांगेपर्यंत ते बोलतात, नाव सांगितलं की कळवतो म्हणतात. क्लबशिवाय नोंदणी होत नाही. म्हणून मी क्लब काढतेय. दहा मुली लागतात. माझ्याकडे चार आहेत: अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतल्या दोघी बहिणी, आमच्याच गल्लीतली एक, आणि मी. रविवारी शाळेच्या पटांगणात चाकांवर खेळतो. बाकीचे सहा दिवस मी तिथे एकटी असते, भिंतीवर पक मारत. भिंत चेंडूसारखा पक परत देत नाही, धावत जाऊन आणावा लागतो. मी आणते.

नवीन मुलगी आली की मी पहिल्यांदा माझ्या बर्फावरच्या स्केटच्या पात्यावरची खाच दाखवते, कशाला असते ते सांगते. मग तिचं पूर्ण नाव विचारते आणि सगळ्यांना त्याच नावाने हाक मारायला लावते. जर्सी अजून नाहीत. शिवल्या की पाठीवर आडनावं छापायची, सगळ्यांची, माझंसुद्धा, जेवढं मोठं मावेल तेवढं मोठं.

मी पुन्हा बर्फावर जाणार आहे. दहा मुली व्हायला दोन वर्षं लागली तरी जाणार आहे. तिथे मी गोल मारीन, आणि लाऊडस्पीकरवर दुसऱ्या कुणाचं नाव आलं तर खेळ थांबवून टेबलाशी जाऊन उभी राहीन. सामना जिंकत असलो तरी. सगळ्या टीमने तोंड फिरवलं तरी. नाव बदलून लिहीपर्यंत तिथून हलणार नाही.